रॉबरची टोपी जपाल, पण जिभेचं काय?

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या कार्निव्हलमध्ये, म्हणजे सोंगांच्या आणि मिरवणुकांच्या सणात, मिडनाइट रॉबर नावाचं एक सोंग आहे. डोक्यावर हातभर पसरलेल्या कडेची, झालर लावलेली टोपी. अंगात काळं साटिन, पाठीवर कवटी रंगवलेला लांब झगा, कमरेला लाकडी पिस्तूल किंवा खंजीर, तोंडात शिट्टी आणि हातात शवपेटीच्या आकाराचा गल्ला. हा बाबा भर रस्त्यात वाट अडवतो, कर्कश शिट्टी फुंकतो आणि सुरू होतो: किल्ल्या खाली टाक, गुडघे टेक, समोर कोण उभं आहे ठाऊक आहे का? मी जन्मलो त्या दिवशी सूर्याने उगवायला नकार दिला होता! मग पुढे पापांची आणि पराक्रमांची अशी काही यादी सुटते की गल्ल्यात नाणी पडेपर्यंत सुटका नाही.

हे सोंग आता विरळ झालं आहे, आणि ते टिकवायला हवं यावर त्रिनिदादमध्ये फारसं दुमत नाही. राष्ट्रीय कार्निव्हल आयोग जुन्या सोंगांच्या स्पर्धा भरवतो, जुनी सोंगं एकत्र दाखवणारे खास कार्यक्रम होतात, टोप्या आणि झगे प्रदर्शनात मांडले जातात, शाळकरी मुलांना रॉबर करून मंचावर उभं केलं जातं. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीचा विषयही अधूनमधून निघतोच. हे सगळं चांगल्या हेतूने चाललं आहे. पण यातला बहुतेक पैसा आणि बहुतेक लक्ष डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर जातं, आणि रॉबर हे मुळात कानाचं सोंग आहे. टोपीशिवाय रॉबर एकवेळ चालेल. बोलण्याशिवाय उरतो तो नुसता भाड्याचा पोशाख. तेव्हा संवर्धनाचा पैसा आधी बोलणं शिकवणाऱ्यावर आणि बोलायला लागणाऱ्या रस्त्यावर खर्च व्हावा, पोशाख त्यानंतर, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडा इतिहास आवश्यक आहे, म्हणून तेवढाच. १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने कॅथलिक जमीनदारांना त्रिनिदादमध्ये वसण्याची मुभा दिली; फ्रेंच मळेवाले आले आणि त्यांच्यासोबत मुखवट्यांचे नाच आले. १८३८ मध्ये गुलामगिरीतून पूर्ण सुटका झाल्यावर काळ्या लोकांनी हा सण वाड्यांतून रस्त्यावर आणला. सरकारला ते पचलं नाही. १८८१ मध्ये राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला मशाली आणि काठ्या घेतलेले लोक आणि कॅप्टन बेकरचे पोलीस यांची धुमश्चक्री झाली, आणि १८८४ मध्ये मशालीच्या मिरवणुकांवर बंदी आली. त्याच वर्षी सॅन फर्नांडोला मोहरमच्या मिरवणुकीतल्या हिंदुस्थानी मजुरांवर गोळ्या चालवल्या गेल्या, ही गोष्ट आपल्याकडे कमीच जणांना माहीत असते. रस्ता कोणाचा, हा तिथला जुना वाद आहे. रॉबर त्याच रस्त्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आला. टोपी अमेरिकी काउबॉयची, बढाईची रीत पश्चिम आफ्रिकेतल्या भाटांशी नातं सांगणारी, आणि भाषा मात्र ब्रिटिश शाळेतल्या क्रमिक पुस्तकांची आणि बायबलची. ज्या इंग्रजीत मुलांना आज्ञाधारकपणा शिकवला, तीच इंग्रजी फुगवून, वळवून हा माणूस रस्त्यात उभा राहून हुकूम सोडतो. यातली मजा पोशाखाच्या प्रदर्शनात कळत नाही.

आता बोलण्याकडे येऊ. तिथे त्याला रॉबर टॉक म्हणतात आणि त्याचा एक सांगाडा असतो. आधी ललकारी, म्हणजे समोरच्याला जागीच थांबवणं. मग जन्मकथा: मी आलो तेव्हा आभाळात काय झालं, समुद्राने काय केलं. मग बाळपणीचे गुन्हे, वयाच्या चढत्या क्रमाने. मग प्रवास, म्हणजे कोणती दरी ओलांडली, कोणत्या राजाला सिंहासनावरून खेचलं. मग निसर्गावरची हुकूमत. शेवटी समोरच्यावर नेमकी धमकी आणि पैशाची मागणी. प्रत्येक तुकडा संपला की शिट्टी, आणि शिट्टीबरोबर पाय आपटत आडवं सरकणं. नवख्याला ती शिट्टी नखरा वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे बोलणाऱ्याला श्वास मिळतो आणि पुढचा तुकडा निवडायला दोन-तीन सेकंद मिळतात. शिट्टी काढून घ्या, चांगला रॉबरही दुसऱ्या मिनिटाला अडखळेल.

आकड्यात सांगायचं तर उघड्यावर, शब्द ऐकू जातील अशा वेगाने बोलायचं म्हणजे मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपलीकडे जाता येत नाही. शिट्ट्या आणि पावलं धरली तर तीन मिनिटांत साधारण तीनशे शब्द बसतात. मुरलेल्या रॉबरकडे असे सुटे तुकडे भरपूर असतात आणि कुठला आधी, कुठला नंतर हे समोरच्याचा चेहरा पाहून ठरतं. पोर असेल तर बाळपणीचे गुन्हे लांबवायचे. गोरा पर्यटक असेल तर राजे आणि जहाजं बुडवायची. मंत्री सापडला तर पेट्रोलच्या भावापासून सुरुवात. दुसरा रॉबर आडवा आला तर मात्र सगळंच बदलतं. मग दोघांची जुगलबंदी होते, एकाने समुद्र प्यायला तर दुसऱ्याने तो समुद्र त्याच्या घशातून परत काढायचा, आणि जो अडेल त्याने वाट सोडायची. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला यातली चुरस वेगळी समजावून सांगायला नको.

शिकणाऱ्यांच्या हातून नेमकं काय बिघडतं, तेही सांगण्यासारखं आहे. पहिली खोट श्वासाची. रॉबरचं वाक्य लांब असतं, चाळीस-पन्नास शब्दांचं, एकात एक अडकवलेलं. मध्येच दम तुटला की धमकीचं हसू होतं. दुसरी खोट पट्टीची. पोरं पहिल्याच शब्दाला वरच्या आवाजात जातात, मग चढायला जागा उरत नाही. तिसरी खोट हिशेबाची, आणि हीच सगळ्यांत जास्त दिसते. बढाई चढत गेली पाहिजे. पहिल्या ओळीत सूर्य गिळला तर पाचव्या ओळीत काय गिळणार? जुने लोक गावातल्या तुरुंगापासून सुरू करून मग ग्रहताऱ्यांकडे जातात ते याचसाठी. आणि चौथी, सगळ्यांत घातक खोट म्हणजे अख्खं भाषण एकाच साखळीसारखं पाठ करणं. रस्त्यावर कोणीतरी ओरडतंच, ‘हे तर गेल्या वर्षीचं!’ साखळी तुटते आणि बिचारा पुन्हा जन्मापासून सुरुवात करतो. तुकडे सुटे असतील तर त्याच ओरडणाऱ्याकडे वळून पुढचा तुकडा त्याच्यावर सोडता येतो, आणि लोकांना खरी मजा येते ती तिथे.

पोशाखातही ज्ञान आहे, ते मी नाकारत नाही. पण त्यातलंही खरं ज्ञान बोलण्याला बांधलेलं आहे. टोपीची कड तारेच्या कड्यावर आणि आऱ्यांवर तोललेली असते. कड जितकी रुंद तितकी ती वारा पकडते, आणि वारा पकडला की मान मागे खेचली जाते. मान मागे गेली की घसा ताणतो, आवाज चिरका होतो. म्हणून वजन कवटीच्या वर न ठेवता कपाळाभोवतीच्या जाड, कापडाने गुंडाळलेल्या पट्टीवर उतरवावं लागतं. हनुवटीखालून पट्टा घट्ट आवळला तर टोपी हलत नाही हे खरं, पण जबडाही उघडत नाही. पट्टा कानामागून मानेकडे घेतलेला बरा. पुढची झालर ओठांच्या खाली आली तर श्वास घेताना तोंडात जाते आणि सोडताना आवाज खाते. ती समोरच्या बाजूला बोटभर आखूड कापायची, बाजूंना हवी तेवढी लांब. कवट्या, थडगी, डोळे असली सजावट गरम गोंदाने चिकटवली तर काळ्या कापडावर भर दुपारच्या उन्हात सुटायला लागते. बारीक तारेने बांधलेली किंवा टाके घातलेली सजावट कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळीही जागेवर असते.

हे सगळं अशाच माणसाला सुचतं ज्याने टोपी घालून बोलून पाहिलं आहे. आजच्या पोशाखाच्या कार्यशाळांत नेमकं हेच सुटतं. टोपी बनवणारे एका खोलीत, बोलणारे असलेच तर दुसऱ्या खोलीत. परिणाम असा की प्रदर्शनातली सगळ्यांत देखणी टोपी बहुधा अशी असते की तिच्याखाली माणसाला तीन मिनिटं बोलता येणार नाही.

यात कायद्याचाही हात आहे, आणि ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या १९९७ च्या कॉपीराइट कायद्यात सोंगाला स्वतंत्र संरक्षण आहे. जगात फार थोड्या देशांनी असा विचार केला असेल. पण त्या कायद्यातली व्याख्या वाचा. अंगावरची सजावट किंवा प्रतिमा हा सोंगाचा मुख्य भाग, आणि तिच्या जोडीला शब्द, संगीत, नृत्य असू शकतं, असं ती म्हणते. पिसांच्या आणि मण्यांच्या मोठ्या पथकांसाठी ही व्याख्या बरोबर बसते. रॉबरच्या बाबतीत ती उलटी आहे. चिंध्यांचा पोशाख घालून लांबलचक शब्दांची अक्षरं गोष्टी रचत फोडून दाखवणारा पिएरो ग्रनाड आहे, त्याच्याही बाबतीत उलटी आहे. कायद्याने शब्दांना जोडीदार ठरवलं, आणि पुढे अनुदानाचे अर्ज, स्पर्धेचे नियम, प्रदर्शनाच्या पाट्या सगळे त्याच वाटेने गेले. व्याख्या बदला असं मी म्हणत नाही, तिला वेगळं काम आहे. पण संवर्धनाचं धोरण ठरवताना तीच व्याख्या उचलू नका.

स्पर्धांबद्दल बोलताना न्यायाने बोललं पाहिजे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जुनी सोंगं जवळजवळ दिसेनाशी होत होती, तेव्हा मंच, बक्षीस आणि वर्तमानपत्रातला फोटो यांनी लोकांना परत खेचलं. आज रॉबर करणाऱ्या स्त्रिया दिसतात, तरुण दिसतात, त्यात स्पर्धांचा वाटा मोठा आहे. तरीही मंचाने या सोंगाचं काय केलं ते पाहायला हवं. मंचावर अडवायला कोणी नसतं. रॉबर परीक्षकांकडे तोंड करून मायक्रोफोनमध्ये बोलतो, त्यामुळे आवाज फेकायची गरज संपते. वेळ ठरलेला असतो, त्यामुळे भाषण लिहून, घड्याळ लावून, पाठ करून येतं. मध्ये कोणी बोलत नाही, त्यामुळे सुटे तुकडे हाताशी ठेवायची गरजही संपते. वर सांगितलेली चौथी खोट, साखळीसारखं पाठांतर, मंचावर खोट राहतच नाही. तीच बक्षीस मिळवून देते. दहा-पंधरा वर्षं अशी गेली की ज्यांनी रस्त्यावर बोलून दाखवलं ते म्हातारे होतात आणि ज्यांनी फक्त मंच पाहिला ते गुरू होतात.

शालेय स्पर्धांत हे आणखी ठळक होतं. भाषण बऱ्याचदा शिक्षक किंवा पालक लिहून देतात आणि विषय असतो स्वच्छता, वाहतूक, मोबाइलचं व्यसन. काळा झगा घातलेलं आठ वर्षांचं पोर हात धुण्याचं महत्त्व गरजत सांगतं. गोड दिसतं, टाळ्याही मिळतात. पण रॉबर सुधारक नाही, तो लुटारू आहे. त्याच्या तोंडी नीतिपाठ घातला की बढाईचा सगळा कणा मोडतो.

मग प्रश्न रस्त्याचा. कार्निव्हलचे मुख्य दोन दिवस सोमवार आणि मंगळवार, ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधीचे. त्या दोन दिवसांत पोर्ट ऑफ स्पेनच्या मुख्य रस्त्यांवर मोठी पथकं असतात, पैसे भरून पोशाख घेतलेल्या लोकांची. त्यांच्याभोवती दोर धरलेले सुरक्षारक्षक चालतात आणि पुढे-मागे आवाजाचे ट्रक. दोराच्या आतल्या माणसाला रॉबर अडवू शकत नाही. बाहेरच्याला अडवलं तरी त्याचं बोलणं ऐकू जात नाही. माणूस घसा ताणून ओरडला तर मीटरभर अंतरावर ऐंशी-नव्वद डेसिबलपर्यंत जातो. ट्रकच्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर तेच शंभराच्या बरंच वर असतं. विसर्जन मिरवणुकीत डीजेपुढे उभं राहून शेजारच्याशी बोलायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही हा हिशेब कळेल. रॉबरला मरण आलं त्यात काही वाटा चित्रपटांचा, काही कामाच्या वेळांचा असेल, पण मला विचाराल तर ट्रकचा वाटा सगळ्यांत मोठा आहे. आणि तो टोपीच्या अनुदानाने भरून येत नाही.

उलट उदाहरण त्याच शहरात आहे. मोको जंबी, म्हणजे उंच काठ्यांवर चालणारं सोंग, त्रिनिदादमध्ये गेल्या शतकात जवळपास संपलं होतं. १९८६ मध्ये ग्लेन ‘ड्रॅगन’ डिसूझा यांनी कोकोरीटच्या वस्तीत कायलेमांजारो नावाची शाळा काढली आणि अंगणात पोरांना काठ्यांवर चढवायला सुरुवात केली. तिथे आधी स्पर्धा नव्हती, आधी यादीत नाव नव्हतं. आधी रोज संध्याकाळचा सराव होता. ठेंगण्या काठ्या, मग जरा उंच, मग आणखी उंच. खाली फळी नसलेल्या काठीवर स्थिर उभं राहता येत नाही, तोल राखायला पाय सतत हलते ठेवावे लागतात, ही गोष्ट अंगात मुरायला वेळ लागतो आणि शेजारी धरणारा माणूस लागतो. आज मोको जंबी त्रिनिदादच्या प्रत्येक छायाचित्रात दिसतात ते या अंगणामुळे आणि त्याच्या मागोमाग निघालेल्या इतर गटांमुळे. कौशल्य वाचवायचं तर कौशल्य शिकवावं लागतं. रॉबरसाठी असं अंगण उभं करणं सोपं नाही, कारण पडलेलं पोर दिसतं, अडखळलेलं वाक्य पटकन दिसत नाही. पण रीत तीच आहे.

युनेस्कोबद्दल. कोलकात्याची दुर्गापूजा २०२१ मध्ये आणि गुजरातचा गरबा २०२३ मध्ये ज्या यादीत गेला, ती प्रातिनिधिक यादी आपल्या ओळखीची आहे. त्याच वर्षी, २०२३ मध्ये, बहामाचं जंकानू त्या यादीत आलं, आणि कॅरिबियनमधल्या इतर देशांना वाटणं साहजिक आहे की आपलं का नाही. त्रिनिदादने अमूर्त वारशाबद्दलचा युनेस्कोचा २००३ चा करार २०१० मध्ये स्वीकारला, त्यामुळे दार उघडं आहे. पण या दारातून काय मिळतं ते नीट पाहावं. प्रस्ताव ३१ मार्चपर्यंत द्यायचा, सोबत दहा छायाचित्रं आणि पाच ते दहा मिनिटांचा व्हिडिओ. निर्णय पुढच्या वर्षाच्या अखेरीला. नाव लागलं तर देशाने ठरावीक वर्षांनी अहवाल द्यायचा. प्रातिनिधिक यादीत नाव लागलं म्हणून एक पैसाही आपोआप मिळत नाही. प्रकल्पासाठी आंतरराष्ट्रीय मदतीचा वेगळा अर्ज करावा लागतो. एक लाख डॉलरपर्यंतचा अर्ज युनेस्कोच्या या कामासाठीच्या समितीचं छोटं मंडळच निकालात काढतं. आणि नाव लागल्याने सोंग वाचतंच असं नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या कोकोलो नृत्यनाट्याला २००५ मध्येच हा मान मिळाला, तेव्हाच सादर करणारे बहुतेक म्हातारे होते. मानपत्राने त्यांचं वय कमी झालं नाही.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. करारात परस्परांच्या आदराची अट आहे, आणि ती योग्यच आहे. बेल्जियममधल्या आल्स्ट गावाचा कार्निव्हल २०१० मध्ये यादीत गेला, आणि यहुदी लोकांची विकृत चित्रं मिरवल्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये बोगोटाच्या बैठकीत काढून टाकला गेला. काढला ते बरंच झालं. पण रॉबरचं सगळं बोलणंच धमकी, खून, लूट आणि शिवीगाळ यांच्या कडेकडेने चालतं. प्रस्ताव लिहिणारे अधिकारी सावध असतात. फाइलमध्ये ‘समाजप्रबोधन करणारा लोककलावंत’ असं लिहिलं जाईल, मग त्या वर्णनाला साजेसा रॉबर मंचावर निवडला जाईल, आणि तुमचा हात धुवायला सांगणारा रॉबर अधिकृत ठरेल. हे टाळायचं असेल तर फाइलमध्ये पहिल्यापासून स्पष्ट लिहावं लागेल: या सोंगात धमकी हा खेळ आहे, ती कुठल्याही जातीधर्माच्या माणसावर त्याच्या जातीधर्मासाठी रोखलेली नसते, आणि सत्तेवरची टीका हा त्याचा गाभा आहे. ते लिहायची तयारी नसेल तर फाइल न पाठवलेलीच बरी.

आता काय करावं.

जपानमध्ये १९५० च्या कायद्यानुसार काही कलावंतांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवतात आणि त्यांना वर्षाला वीस लाख येन मिळतात. ते पैसे कला पुढे शिकवण्यासाठी असतात. त्रिनिदादला एवढी रक्कम जमणार नाही, पण तत्त्व उचलता येतं. आयोगाने जुन्यांपैकी रस्त्यावर बोललेले असे सहा-सात लोक निवडावेत, प्रत्येकाला दोन वर्षांचं मानधन द्यावं आणि प्रत्येकाकडे तीन शिष्य द्यावेत, जास्त नाहीत. पहिले तीन महिने फक्त श्वास, शिट्टी आणि ऐकणं. मग तीन जुनी भाषणं पाठ. पाठांतर वाईट नाही, ते कच्चा माल आहे. त्यानंतर ती भाषणं फोडायची: तुकडे चिठ्ठ्यांवर लिहून, फेटून, येईल त्या क्रमाने जोडून बोलायचं. मग अडथळे. गुरू मध्येच प्रश्न टाकतो, हसतो, पाठ फिरवतो, आजच्या वर्तमानपत्रातलं नाव देतो आणि पुढच्या शिट्टीच्या आत ते नाव धमकीत आलं पाहिजे. टोपी या सगळ्याच्या बरोबरीने, पहिल्या दिवसापासून डोक्यावर, आधी नुसती वजनाची चौकट म्हणून. दुसऱ्या वर्षी बाजारात, बसथांब्यावर, अरिमाच्या आणि बेलमाँटच्या रस्त्यांवर, कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यांत. जो शिष्य गल्ल्यात अनोळखी माणसाकडून नाणी मिळवू शकत नाही, त्याला प्रमाणपत्र देऊ नये.

रस्ता राखून द्यावा. कार्निव्हलच्या दोन दिवसांत दोन-तीन तास काही ठरावीक गल्ल्या ट्रकशिवाय, दोराशिवाय. पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडब्रुक भागात असे आडवे रस्ते भरपूर आहेत. याला पैसा जवळजवळ लागत नाही, फक्त मोठ्या पथकांना नाही म्हणायची हिंमत लागते. म्हणूनच हे सगळ्यांत अवघड काम आहे.

ध्वनिमुद्रण करायचं तर वेगळ्या पद्धतीने. आजचे व्हिडिओ समोरून, पोशाख पूर्ण दिसेल असे काढलेले असतात आणि आवाज कॅमेऱ्यातला. लहान माइक रॉबरच्या छातीवर हवा आणि दुसरा समोरच्या माणसांकडे, कारण त्यांची उत्तरं हा बोलण्याचा अर्धा भाग आहे. एकाच रॉबरचं एकच भाषण तीन वेगळ्या ठिकाणी नोंदवावं. तीन नोंदी शेजारी ठेवल्या की काय पक्कं आहे आणि काय जागेवर सुचलं आहे ते दिसतं, आणि शिष्याला शिकायचं असतं ते नेमकं हेच. १९५६ मध्ये ‘कॅरिबियन क्वार्टर्ली’ने त्रिनिदाद कार्निव्हलवर विशेषांक काढला, त्यात मिडनाइट रॉबरवर मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल क्राउली यांचा स्वतंत्र लेख आहे. तो अजून कामाचा आहे, कारण तो पोशाखावर थांबत नाही. सत्तर वर्षांनंतर आपल्याकडे माइक आहेत, तरी नोंदी त्यापेक्षा पातळ असाव्यात हे शोभत नाही. नोंदी देताना हक्क कोणाकडे राहतील ते रॉबरला त्याच्या भाषेत आधी सांगावं आणि भाषण व्यापारी जाहिरातीत वापरता येणार नाही असं लिहून द्यावं.

आणि स्पर्धा ठेवायची असेल, तर नियम बदलावेत. मायक्रोफोन काढून घ्या. परीक्षकांना खुर्च्यांवरून उठवून रिंगणात उभं करा, रॉबरने त्यांनाच अडवावं. पहिली फेरी तयार भाषणाची चालेल. अंतिम फेरीत परीक्षकांनी मध्येच तोंड घालावं, आणि शेवटचे दोघे एकमेकांसमोर, वेळेची मर्यादा नाही, जो अडेल तो हरला. टोपीला एक वेगळं बक्षीस असू द्या, पण रॉबरच्या गुणांत तिचा एकही गुण नको. पहिली दोन-तीन वर्षं कार्यक्रम फिका वाटेल, नेहमीचे विजेते हरतील, प्रायोजक कुरकुर करतील आणि दूरदर्शनवाले विचारतील की रंगीत असं काही नाही का. आयोगाला तेवढं सोसावं लागेल.